सिरॅमिक चिकटवण्याआधी दात कसा तयार करायचा

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी मी लावलेलं एक व्हिनिअर (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचं सिरॅमिकचं पातळ कवच) निघून आलं. पेशंट ते कागदात गुंडाळून घेऊन आला होता. तुटलं नव्हतं, साधी चीरही गेली नव्हती. उलटं करून पाहिलं तर आतल्या बाजूला सगळं सिमेंट जागच्या जागी, गुळगुळीत आणि चकचकीत. दात मात्र धुऊन पुसल्यासारखा कोरा. दोन दिवस मी त्या सिमेंटला नावं ठेवत होते. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो तुकडा उजेडात धरून पाहिला आणि एवढंच विचारलं, "दाताला शेवटचं काय लागलं होतं?"

उत्तर सापडायला आठवडा गेला. शेवटची लागली होती ती हवा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी कितीतरी दिवस काढलंच नव्हतं. एचिंग करून (आम्लाने पृष्ठभाग खडबडीत करून), धुऊन, मी मोठ्या निगुतीने दात सुकवत होते आणि त्याच हवेतून पाण्याचे आणि तेलाचे बारीक कण दातावर बसवत होते.

तेव्हापासून प्रत्येक पायरीला हा एकच प्रश्न विचारते. खाली जे लिहिलंय ते नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या किंवा इंटर्नशिप संपवून पहिली व्हिनिअर, ऑनले (दाढेचा चावायचा भाग झाकणारे तुकडे) करणाऱ्या मंडळींसाठी आहे. सिरॅमिकच्या तयारीवर भरपूर बोललं जातं, दाताच्या बाजूवर कमी. म्हणून इथे भर दाताच्या बाजूवर.

आणि हो, तुकडा निघून आला तर टाकून देऊ नका, वाचा. सिमेंट सिरॅमिकला चिकटून राहिलं आणि दात कोरा असेल, तर चूक दाताच्या बाजूला झाली आहे. सिमेंट दातावर आणि सिरॅमिक आतून कोरं असेल, तर सिरॅमिकची तयारी चुकली. दोन्हीकडे थोडं थोडं असेल, तर बाँडिंग बऱ्यापैकी जमलं होतं. मग सिमेंटचं क्युअरिंग (उजेडाने किंवा रासायनिक क्रियेने घट्ट होणं) किंवा चावण्याचा भार तपासायचा.

कामाला लागण्याआधी: इनॅमल वेगळं, डेंटिन वेगळं

इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ते कोरडं आहे, आणि त्यावर आम्ल लावलं की सूक्ष्म खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत रेझिन (प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव्य) शिरून घट्ट होतं. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये हे दाखवलं. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरायचे, तीच युक्ती त्यांनी दातावर आणली. त्यांनी ८५ टक्के आम्ल ३० सेकंद लावलं होतं. आज आपण ३५ ते ३७ टक्के वापरतो, पण तत्त्व तेच.

इनॅमलच्या आतल्या डेंटिनचं गणित निराळं. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजन आणि पाणी. शिवाय पल्पपासून (दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या गाभ्यापासून) निघालेल्या सूक्ष्म नळ्या. डेंटिनच्या बाहेरच्या भागात दर चौरस मिलिमीटरला साधारण २० हजार, पल्पजवळ ४५ हजारांच्या आसपास, आणि आत जाल तशा त्या रुंदही होत जातात. म्हणजे जितकं खोल कापाल तितकी पृष्ठभागावर ओल जास्त आणि धरायला घन भाग कमी. इथे रेझिनला कोलॅजनच्या जाळीत मुरावं लागतं. नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये ज्याला हायब्रिड लेयर म्हटलं तो हाच मुरलेला थर.

म्हणून काम हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: या दातावर इनॅमल किती उरणार आहे, आणि कडा कुठे येणार आहेत? कडा सगळीकडून इनॅमलमध्ये असतील तर अर्धी लढाई जिंकलीत.

हाताशी काय हवं

कामाच्या मध्येच कपाट उघडायला उठलात की दातावर लाळ आलीच म्हणून समजा. त्यामुळे हे आधीच मांडून ठेवा:

- रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारं रबर), क्लॅम्प, बांधायला फ्लॉस, शेजारच्या दातांसाठी टेफ्लॉन टेप
- लाल पट्टीचे बारीक डायमंड बर (दात कापायची फिरती टोकं)
- फ्लोराइड आणि तेल नसलेली प्युमिस पावडर, मऊ ब्रश
- एअर अ‍ॅब्रेजनचं (बारीक पावडरचा मारा करणारं) यंत्र असल्यास २७ किंवा ५० मायक्रॉनची अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड पावडर
- ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल
- अ‍ॅडहेसिव्ह (दातात मुरणारं पातळ रेझिन), त्याच कंपनीचं रेझिन सिमेंट, आणि दोघांची माहितीपत्रकं
- मायक्रोब्रश, ग्लिसरीन जेल
- क्युअरिंग लाइट आणि त्याचा जोर मोजायचा मीटर

माहितीपत्रक फेकून द्यायचं नसतं. मी ते फोटो काढून फोनमध्ये ठेवते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या एकत्र करण्याचा मोह सुरुवातीला सगळ्यांना होतो, विशेषतः एक बाटली संपत आली की. काही अ‍ॅडहेसिव्ह इतकी आम्लीय असतात की ड्युअल-क्युअर (उजेडाने आणि रासायनिक क्रियेनेही घट्ट होणाऱ्या) सिमेंटमधलं, घट्ट व्हायला लागणारं अमाइन निकामी करतात आणि जोडाच्या नेमक्या त्या रेषेत सिमेंट कच्चं राहतं. वरून पाहून तुम्हाला काहीही कळत नाही.

हवा तपासायला स्वच्छ तोंडाचा आरसा घ्या आणि एअर-सिरिंजने त्यावर पाचेक सेकंद हवा मारा. थेंब किंवा तेलकट ठिपके दिसले तर आधी कॉम्प्रेसरकडे बघा, पेशंट नंतर. हे मी रोज सकाळी करते. कारण वर सांगितलंच.

१. दात कापतानाच बाँडिंगचा विचार करा

व्हिनिअरसाठी हिरडीजवळ ०.३ मिमी, मधल्या भागात ०.५ मिमीच्या आसपास एवढीच खोली बहुतेकदा पुरते. हिरडीजवळ इनॅमल मुळातच पातळ असतं. तिथे हात जरा जड झाला की डेंटिन उघडं. खोली ठरवणारा बर वापरा आणि शक्य असेल तर अंतिम आकाराचं मॉक-अप दातावर चढवून त्याच्यातूनच कापा. मूळ दातावरून खोली मोजाल तर झिजलेल्या दातावर विनाकारण जास्त कापलं जातं.

आतले कोपरे गोलसर ठेवा. टोकदार कोपऱ्यात सिरॅमिकवर ताण साठतो. शेवटचा हात लाल पट्टीच्या बराने फिरवा. जाड बराने मागे राहणारा स्मिअर लेयर (कापलेल्या भुग्याचा थर) जाड असतो, आणि वेगळं आम्ल न लागणाऱ्या सौम्य सेल्फ-एच अ‍ॅडहेसिव्हला तो पार करायला जड जातो.

न कापलेल्या इनॅमलच्या वरच्या थरात प्रिझमची रचना नसते, त्यामुळे एचिंग नीट उमटत नाही. "न कापता व्हिनिअर" करायचं असेल तरी वरचा थर बराने किंवा एअर अ‍ॅब्रेजनने हलकासा खरवडून घ्या. फ्लोरोसिस असलेल्या इनॅमलचंही तसंच: आधी खरवडणं, मग एचिंग जरा जास्त वेळ.

झिजून तपकिरी, काचेसारखं चकचकीत झालेलं डेंटिन दिसलं तर सावध व्हा. त्याच्या नळ्या खनिजाने बुजलेल्या असतात आणि त्यावर अ‍ॅडहेसिव्ह नीट मुरत नाही. बराने त्याची चमक घालवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२. डेंटिन उघडं पडलं? मग त्याच दिवशी बंद करा

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर ते हे असू दे.

माझी जुनी पद्धत सगळ्यांसारखीच होती: दात कापायचा, इम्प्रेशन (दाताचा साचा) घ्यायचं, टेम्पररी (तात्पुरतं आवरण) लावायची, आणि दोन आठवड्यांनी डेंटिनवर बाँडिंग करायचं. या दोन आठवड्यांत त्या उघड्या नळ्यांत टेम्पररी सिमेंट, लाळ, बॅक्टेरिया सगळं जाऊन बसतं. पेशंटला थंड पाणी लागतं म्हणून तो त्या बाजूने घास घेत नाही, ब्रशही फिरवत नाही, मग हिरडी सुजते. दुसऱ्या भेटीत भूल दिल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि हिरडीतून रक्त.

ताजं कापलेलं डेंटिन हे बाँडिंगसाठी मिळणारं सर्वांत स्वच्छ डेंटिन. ते तेव्हाच अ‍ॅडहेसिव्हने बंद करायचं ही कल्पना १९९० च्या दशकापासून रुजत गेली, आणि इमीजिएट डेंटिन सीलिंग या नावाने आता ती सगळीकडे शिकवली जाते. दुसरा फायदा असा की क्युअर झालेल्या या थराला पुढे कसलाही भार न घेता पक्कं व्हायला दोन आठवडे मिळतात.

क्रम असा:

दात कापून झाला की इम्प्रेशनच्या आधी रबर डॅम लावा. उघडं डेंटिन कुठे आहे ते कळत नसेल तर दोन-तीन सेकंद आम्ल लावून धुवा आणि सुकवा: इनॅमल खडूसारखं पांढरं दिसेल, डेंटिन पिवळट चमकेल. हे फक्त ओळखण्यापुरतं. नंतर तो भाग बराने पुन्हा हलका ताजा करा.

मग तुमच्या अ‍ॅडहेसिव्हच्या पद्धतीने डेंटिन बाँड करा. आम्ल लावणारी पद्धत असेल तर डेंटिनवर १५ सेकंदांच्या वर नाही. सेल्फ-एच असेल तर डेंटिनवर आम्ल नकोच. अ‍ॅडहेसिव्ह घासून लावा, हवेने पातळ करा, क्युअर करा. अ‍ॅडहेसिव्ह फारच पातळ पसरणारं असेल तर वरून फ्लोएबल कंपोझिटचा अगदी बारीक थर द्या. यामुळे खोलगट भाग आणि अंडरकटही (आत वळलेल्या खाचाही) भरून निघतात.

आता ग्लिसरीन जेल लावून पुन्हा १० सेकंद क्युअर करा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर कच्चा, चिकट राहिलेला असतो. ग्लिसरीन हवा तोडतं आणि तो थर पक्का होतो. ही पायरी मी एकदा घाईत वगळली. सिलिकोनचं इम्प्रेशन काढलं तर दाताला लागून असलेली बाजू बोटाला चिकटत होती, सेटच झाली नव्हती. पेशंटसमोर दुसऱ्यांदा ट्रे भरताना काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत.

शेवटी कडांच्या इनॅमलवर ओघळलेलं अ‍ॅडहेसिव्ह बारीक बराने काढून कडा पुन्हा स्वच्छ करा. हे राहिलं तर लॅबला कडा चुकीची दिसते आणि सिरॅमिक कडेला उघडं पडतं. मग प्युमिस फिरवून इम्प्रेशन.

कापलेला सगळा भाग इनॅमलमध्येच असेल तर ही सारी पायरी सोडून द्या. तिथे बंद करण्यासारखं काही नाही.

३. टेम्पररी लावताना दोन फटके टाळा

पहिला: बंद केलेल्या डेंटिनवरचं रेझिन आणि टेम्पररीचं रेझिन एकमेकांना कडकडून चिकटतात. टेम्पररी बनवण्याआधी दातावर पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीनचा पातळ हात फिरवला नाही, तर दुसऱ्या भेटीत ती बराने कापून काढावी लागेल, आणि तुम्ही मन लावून केलेलं सीलिंगही तिच्याबरोबर जाईल.

दुसरा: युजेनॉल असलेलं टेम्पररी सिमेंट. लवंगेच्या वासाचं ते सिमेंट दाताला शांत करतं खरं, पण युजेनॉल रेझिनचं क्युअरिंग अडवतं. सिरॅमिक बाँड करायचं आहे तिथे युजेनॉल नसलेलंच घ्या.

याच सुमारास पेशंट विचारतो, "दात जरा पांढरे करून घेऊ का आधी?" करू द्या, पण ब्लीचिंग संपल्यावर किमान दोन आठवडे बाँडिंग नाही. दातात अडकलेला ऑक्सिजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

४. दुसरी भेट: आधी हिरडी बघा, मग दात

टेम्पररी काढली आणि हिरडीतून रक्त येतंय? त्या दिवशी चिकटवू नका. हे मी मोठं झाल्यावर शिकले. सुरुवातीला वाटायचं, पेशंट रजा काढून आलाय, लॅबचं काम हातात आहे, उरकून टाकू. रक्त थांबवणारं फेरिक सल्फेट किंवा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लावलं की रक्त थांबतं, पण दातावर त्याचा थर बसतो आणि बाँडला तो मानवत नाही. नाइलाजाने वापरलंच तर भरपूर पाण्याने धुवा, प्युमिस फिरवा, आणि पुढे एचिंगने त्या कडेचं इनॅमल साफ करून घ्या. पण टेम्पररीच्या कडा नीट घासून दुरुस्त करून, आठ दिवसांनी बोलावणं हाच खरा मार्ग.

हिरडी शांत असेल तर दात स्वच्छ करा. टेम्पररी सिमेंटचे मोठे तुकडे स्केलरने, मग प्युमिस आणि पाणी. बाजारात मिळणारी पॉलिशिंग पेस्ट नको. तिच्यातलं फ्लोराइड आणि तेल दातावर राहतं.

एअर अ‍ॅब्रेजन असेल तर ते इथे कामाला येतं. २७ किंवा ५० मायक्रॉनची अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, दाब सुमारे २ बार, नोझल दातापासून एक सेंटिमीटर लांब, हात सतत फिरता. बंद केलेल्या डेंटिनवरची चमक जाऊन तो एकसारखा मंद झाला की थांबा. एकाच जागी धरून बसलात तर सीलिंगचा थर उडून डेंटिन पुन्हा उघडं पडेल. यंत्र नसेल तर प्युमिस आणि बारीक बराचा अगदी हलका हात, इतकंही पुरतं. पावडर मारताना पेशंटच्या आणि आपल्या डोळ्यांवर चष्मा, आणि सक्शन अगदी जवळ.

५. ट्राय-इन, आणि सिरॅमिकची आतली बाजू

बसतंय का, रंग जुळतोय का, हे आत्ताच बघून घ्या. पाण्यावर किंवा ट्राय-इन पेस्टवर. चावायला मात्र लावू नका. न चिकटवलेलं पातळ सिरॅमिक तेवढ्याने तडकतं.

ट्राय-इननंतर सिरॅमिकला लाळ लागलेली असते, त्यामुळे त्याची तयारी यानंतरच. लिथियम डायसिलिकेट असेल तर ५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल २० सेकंद, धुणं, सुकवणं, मग सायलेन (सिरॅमिक आणि रेझिन जोडणारं द्रव्य) ६० सेकंद. फेल्डस्पॅथिक पोर्सिलेनला जास्त वेळ लागतो, माहितीपत्रकात बघा. लॅबने एचिंग करून पाठवलं असेल तरी लाळ लागल्यावर साफ करून सायलेन पुन्हा लावावं लागतं.

झिर्कोनियाला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागू पडत नाही, त्यात काचेचा भागच नाही. त्याला ५० मायक्रॉनची हलकी सँडब्लास्टिंग आणि एमडीपी (झिर्कोनियाला रासायनिक बंधाने धरणारा घटक) असलेला प्रायमर. आणि झिर्कोनिया साफ करायला फॉस्फोरिक आम्ल कधीही नको: फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला धरून बसतं आणि प्रायमरला जागाच उरत नाही. या सापळ्यात अनुभवी लोकही सापडतात, कारण बाकी सगळ्या सिरॅमिकवर ती सवय चालून जाते.

हायड्रोफ्लोरिक आम्ल तोंडात न्यायचं नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवून वापरायचं. त्याने भाजलेलं लगेच दुखत नाही, म्हणून ते जास्त धोकादायक.

६. रबर डॅम

याला पर्याय सुचवणारे खूप भेटतील. मी वाद घालत नाही, रबर डॅम लावते. ज्या दातावर काम आहे त्याच्या दोन्ही बाजूंचे एक-दोन दात तरी आत घ्या, कडेला फ्लॉसने रबर खाली बसवा, शेजारच्या दातांवर टेफ्लॉन गुंडाळा. मग सिरॅमिक एकदा कोरडंच बसवून बघा. क्लॅम्प किंवा रबर आड येत असेल तर आत्ताच कळलेलं बरं, सिमेंट भरल्यावर नव्हे. नुसत्या श्वासाच्या वाफेनेही दात ओलसर होतो. डॅम नसताना आरशावर धुकं जमतं ना? तेच दातावर जमत असतं.

७. एचिंग

इनॅमलवर ३० सेकंद. जेल टाकून सोडून देऊ नका, मायक्रोब्रशने हलवत राहा. उघडं डेंटिन शिल्लक असेल तर जेल आधी इनॅमलवर लावा, १५ सेकंदांनी डेंटिनवर उतरवा, म्हणजे दोघांचे वेळ आपोआप बरोबर येतात. युनिव्हर्सल अ‍ॅडहेसिव्ह वापरत असाल तर मात्र डेंटिनवर आम्ल लावूच नका, फक्त इनॅमलला लावा. त्यातलं एमडीपी डेंटिनच्या कॅल्शियमला रासायनिक बंधाने धरतं. आम्लाने ते कॅल्शियम धुऊन टाकलं तर धरायचं कशाला? सीलिंग केलेल्या भागावर आम्ल गेलं तर हरकत नाही, तिथे ते फक्त साफसफाई करतं.

धुणं: किमान १५ ते २० सेकंद, हवा-पाण्याचा जोरदार फवारा. जेलचा रंग गेला म्हणजे धुऊन झालं असं नसतं. जेल घट्ट करायला घातलेली सिलिका रंगानंतरही रेंगाळते.

सुकवल्यावर इनॅमल पूर्ण पांढरं, चमक नसलेलं दिसायला हवं, कडेकडेपर्यंत. एखादा ठिपका चकाकतोय? त्या ठिपक्यावर पुन्हा १५ सेकंद. हे बघायला भिंग लावा, ओव्हरहेड दिव्याचा कोन बदलून बघा. माझा या कामातला सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तो कधी वाया गेल्याचं वाटलं नाही.

डेंटिनवर एचिंग केलं असेल तर ते हवेने खडखडीत सुकवू नका. आम्लाने खनिज काढलेली कोलॅजनची जाळी हवा लागली की केस ओले असताना चिकटतात तशी एकमेकांवर पडते, आणि रेझिनला शिरायला वाटच राहत नाही. कोरड्या मायक्रोब्रशने जास्तीचं पाणी टिपून घ्या. पृष्ठभाग ओलसर चमकावा, पण कुठे पाणी साचलेलं नको. चुकून जास्त सुकलंच तर ओला ब्रश २० सेकंद फिरवून जाळी पुन्हा फुलवता येते.

८. अ‍ॅडहेसिव्ह

बाटलीतून थेंब आयत्या वेळी काढा. आधी काढून ठेवलेल्या थेंबातलं द्रावक उडून जातं, आणि दिव्याच्या उजेडात तो घट्टही होऊ लागतो. बाटलीचं झाकण लगेच लावायचं, असिस्टंटला हे एकदाच बजावून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. गार अ‍ॅडहेसिव्ह नीट पसरत नाही आणि त्यातलं द्रावक उडायलाही वेळ घेतं.

मायक्रोब्रशने २० सेकंद घासून लावा. फिरवणं वेगळं, घासणं वेगळं. मग हवा: सुरुवातीला लांबून, हळू, मग जवळून. अ‍ॅडहेसिव्हवरच्या लाटा हलायच्या थांबल्या आणि सगळीकडे एकसारखी चमक आली की द्रावक गेलं. लाटा हलत असताना क्युअर केलंत तर आत पाणी आणि द्रावक कोंडतं आणि त्या जागी बाँड कच्चा.

क्युअर करायचं की नाही? पातळ व्हिनिअरखाली, डेंटिन आधीच बंद केलेलं असेल तर, मी अ‍ॅडहेसिव्ह वेगळं क्युअर करत नाही, सिमेंटबरोबरच करते. नाहीतर कोपऱ्यात साचलेला थर घट्ट होऊन व्हिनिअर बसतच नाही. जाड ऑनलेखाली किंवा जिथे उजेड नीट पोचणार नाही तिथे पातळ करून आधी क्युअर करते. माहितीपत्रक वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

मध्येच लाळ लागली तर? एचिंगनंतर लागली असेल तर धुवा, सुकवा, इनॅमलवर पुन्हा १० सेकंद आम्ल. अ‍ॅडहेसिव्ह लावल्यावर, क्युअरआधी लागली असेल तर सगळं धुऊन एचिंगपासून नव्याने. "थोडीशीच लागली" असं काही नसतं. लाळेतल्या प्रथिनांचा थर डोळ्यांना दिसत नाही.

९. बसवणं

व्हिनिअरला नुसतं लाइट-क्युअर सिमेंट: रंग बदलत नाही आणि हवा तेवढा वेळ मिळतो. २ मिमीपेक्षा जाड किंवा गडद, अपारदर्शक सिरॅमिकला ड्युअल-क्युअर. बोटाने हळू, एकसारख्या दाबाने बसवा. सिमेंट सगळ्या कडांनी बाहेर आलं पाहिजे. एखाद्या कडेला आलं नाही तर तिथे पोकळी आहे.

दोन-तीन सेकंदच उजेड देऊन सिमेंट जेलीसारखं होऊ द्या, मग जास्तीचं उचलून काढा आणि दातांमधून फ्लॉस ओढा. फ्लॉस बाजूने बाहेर काढायचा, वर उचलायचा नाही, नाहीतर व्हिनिअरही वर येईल. कडांना ग्लिसरीन लावून प्रत्येक बाजूने ४० सेकंद क्युअर. चावणं आता तपासा, आधी नाही.

१०. पेशंटला घरी पाठवताना

केस पेपरवर मी तारीख, अ‍ॅडहेसिव्ह आणि सिमेंटचा बॅच नंबर, आणि कडा कुठे डेंटिनमध्ये आहे ते लिहून ठेवते. पेशंटला घरी काय खावं-टाळावं ते सांगून झालं की आणखी एक सूचना असते, जी ऐकून बरेच जण चमकतात: तुकडा कधी निघाला तर धुऊ नका, घासू नका, घरी चिकटवायचा प्रयत्न करू नका, एका छोट्या डबीत ठेवून तसाच घेऊन या. मला त्याची आतली बाजू बघायची असते.